‘बुरशी कधी वाढवून पाहिली आहे का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बुरशींमधल्या जनुकांच्या कार्याची तुलना करणाऱ्या डेटाबेसवर मी जो लेख लिहिला, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं, की फंगीडीबी किंवा मायकोकॉझम या डेटाबेसमध्ये ऑर्थोलॉग (एकाच पूर्वज-जनुकापासून आलेलं दुसऱ्या प्रजातीतलं जनुक) सापडला म्हणून कार्यही तेच, असं शिकवणं ही विद्यार्थ्यांची दिशाभूल आहे. शिवाय आस्पजीडी या आस्परजिलस बुरशींच्या डेटाबेसचं पुढे काय झालं ते मी सांगितलं नाही. आणि शेवटी, ‘लेखकाने कधी बुरशी वाढवून तरी पाहिली आहे का, की सगळा संसार स्क्रीनवरच?’

आस्पजीडीचं मान्य. तिथलं स्वतंत्र क्युरेशन (तज्ज्ञांनी नोंदी तपासून लावण्याचं काम) थांबलं आणि माहिती फंगीडीबीत आली, ही ओळ लेखात आता घातली आहे.

पण ते शेवटचं वाक्य कशासाठी? मतभेद मांडायला ते लागत नव्हतं. विचारलंच आहे तर ऐका. माझी उमेदीची वर्षं आस्परजिलस निड्युलन्स या बुरशीच्या प्लेट्सवर गेली. बीआरएलए हे जनुक काढून टाकलं की काय होतं ते मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आहे. बीजाणू धरणारे दांडे ब्रशच्या केसांसारखे नुसते उंच वाढत राहतात. टोकाला फुगवटा नाही, बीजाणूंच्या माळा नाहीत, आणि जी प्लेट हिरवीगार दिसायला हवी ती पांढुरकीच राहते. डेटाबेसमधली फिनोटाइपची, म्हणजे दिसणाऱ्या लक्षणांची, ओळ म्हणजे कुणीतरी अशाच प्लेटवर मान मोडून केलेलं काम असतं. ‘स्क्रीनवरचा संसार’ म्हणताना तुम्ही त्या माणसांच्या कष्टांचीही टर उडवता, आणि मला राग आला आहे तो त्याचा.

त्या काळी एक वरिष्ठ अगदी याच सुरात बोलत. ज्याला हातानं काम जमत नाही तो संगणकाकडे वळतो, असं त्यांचं ठाम मत. एखादं जनुक आधी दुसऱ्या बुरशीत कुणी तपासलं आहे का, हे पाहायलाही ते तयार नसत. त्यापायी आमच्या किती प्लेट्स फुकट गेल्या, ते मला चांगलं आठवतं.

ऑर्थोलॉगबद्दल म्हणाल, तर बेकर्स यीस्टमधलं गॅल४ हे जनुक गॅलॅक्टोज ही साखर वापरणारी जनुकं चालू करतं आणि कॅन्डिडा अल्बिकन्स या बुरशीमधला त्याचा ऑर्थोलॉग ग्लायकोलिसिसच्या (ग्लुकोज तोडून ऊर्जा मिळवण्याच्या) कामात असतो, हे मला तुमच्याकडून कळायचं बाकी नव्हतं. म्हणून तर प्रत्येक जीन ऑन्टॉलॉजी नोंदीचा (जनुकाचं कार्य ठरावीक शब्दांत सांगणाऱ्या नोंदीचा) पुरावा-कोड वाचा, असं लेखात बजावलं आहे. आयएमपी असेल तर म्युटंटमध्ये, म्हणजे जनुक बदललेल्या बुरशीत, दिसलेल्या लक्षणांचा आधार आहे. आयईए असेल तर ती नोंद संगणकाने लावलेली आहे, माणसाने तपासलेली नाही. सॅकरोमायसिस जीनोम डेटाबेस (बेकर्स यीस्टचा) आणि पॉमबेस (फिशन यीस्टचा) इथे तर प्रायोगिक नोंदीतून थेट मूळ शोधनिबंधापर्यंत जाता येतं. तुम्ही बहुधा तिथवर वाचलंच नाही.

बाकीचे शेरे सर्वसाधारण आहेत, त्यात शिरत नाही. एखाद्या जनुकाची नोंद खरोखर चुकीची वाटत असेल तर जनुकाचं नाव आणि प्रजाती लिहा, त्यावर मी हवं तितकं बोलेन. मी काय वाढवलं आणि काय नाही, याची चौकशी करणारी प्रतिक्रिया मात्र यापुढे इथे प्रसिद्ध होणार नाही.