साल्हेरवर म्हणे ‘काहीच नाही’!

आज सकाळी ट्रेकच्या ग्रुपवर एकाने नाशिक जिल्ह्यातल्या साल्हेर किल्ल्याचे फोटो टाकले. खाली ओळ : ‘उंची सोडली तर वर काहीच नाही, पडक्या भिंती आणि एक देऊळ.’ त्यावर अंगठ्यांचा पाऊस. तेव्हापासून माझं डोकं सणकलंय.

अरे, बागलाणची सरहद्द होती ती! एका अंगाला खानदेश, दुसऱ्या अंगाला गुजरात, आणि सुरत-बुऱ्हाणपूरची व्यापारी वाट याच मुलखातून जायची. साल्हेर-मुल्हेर या गडांच्या जोरावर बागूल राजांनी हा मुलूख पिढ्यान्‌पिढ्या राखला. १६३८ मध्ये शहजादा औरंगजेबाने तो घेतला, पण त्याआधीची ती शतकं आपल्याला नकोच असतात. आपला साल्हेर थेट १६७२च्या लढाईपासून सुरू होतो.

आम्ही गेलो तेव्हा साल्हेरवाडीतले एक बाबा वाट दाखवायला आले होते. कातळातल्या पायऱ्यांपाशी थांबून त्यांनी छिन्नीच्या घावांवर पंजा ठेवला. म्हणाले, “हात लावून बघा.” बोटाच्या पेराएवढे खोल घाव, एकाला एक लागून. हे ‘काहीच नाही’?

वर वाडे उभे नाहीत, मान्य. चढ दमवतो, तेही मान्य. समुद्रसपाटीपासून १५६७ मीटर उंच आहे गड.

आणि १६७२ तरी नीट आठवा. आदल्या वर्षी महाराजांनी गड घेतला, तो परत मिळवायला मुघलांनी वेढा घातला. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर दोन बाजूंनी चालून आले आणि गडाच्या पायथ्याशी, उघड्या मैदानात मुघल फौज मोडली. आपले सरदार सूर्यराव काकडे तिथेच पडले. बाबांनी वरून ते रान दाखवलं, तेव्हा आमच्यातलं कुणी बोललं नाही. मग पश्चिमेकडे, गुजरातच्या बाजूला हात करून म्हणाले, “ते डांग. माझी लेक तिकडंच दिलीये.” ज्या हद्दीसाठी एवढं रक्त सांडलं, तिच्या पलीकडे आज त्यांची सोयरीक आहे. मला तर भरूनच आलं होतं.

२०२५ला जागतिक वारसा यादीत बारा किल्ल्यांमध्ये साल्हेरचं नाव आलं, तेव्हा याच ग्रुपवर जल्लोष झाला होता. मग आता हे काय? फोटो काढून दोन तासांत उतरायचं, गावातल्या एकाही माणसाशी बोलायचं नाही आणि खाली येऊन निकाल द्यायचा? राग येतो हो.

पाऊस उघडला की मी पुन्हा जाणार आहे. यायचं असेल त्यांनी खाली कळवा. मुक्काम साल्हेरवाडीतच, जेवणही तिथल्याच घरी, आणि वाट दाखवायला गावातलाच माणूस. त्याची मजुरी आधी ठरवायची आणि पूर्ण द्यायची.