आरसेपवर भारताने सही केलीच नव्हती

‘भारताने आरसेप व्यापार करारावर सही केली आणि मंत्रालयांच्या भांडणामुळे ती मागे घेतली’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे. आरसेप (RCEP) म्हणजे आशिया-पॅसिफिकमधल्या देशांनी आपसातलं आयात शुल्क कमी करण्यासाठी केलेला करार. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारताने आपण सामील होत नसल्याचं जाहीर केलं. सह्या झाल्या त्या पुढच्या वर्षी, १५ नोव्हेंबरला, बाकीच्या १५ देशांच्या.

मतभेद मात्र खरे होते, आणि त्यात गैर काही नव्हतं. बोलणी वाणिज्य मंत्रालय करत होतं. स्वस्त आयातीची धास्ती पोलाद खात्याला होती. न्यूझीलंडची दूध पावडर शुल्काविना आली तर दोन गाई सांभाळणाऱ्याच्या दुधाचा भाव पडेल, ही भीती मला आजही रास्त वाटते. शुल्ककपात २०१४ च्या दरांवरून मोजायची की २०१९ च्या, इथेही बाकीच्या देशांशी गाडं अडलं होतं.