रोटाकॅप गिळायची नसते, ओढायची असते: पंपाच्या त्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या रविवारी लालबागला मावशीकडे गेले होते. ती करी रोडचा ब्रिज चढून-उतरून भाजी घेऊन आली आणि दारातल्या खुर्चीवरच बसली, तोंडातून शब्द फुटेना. जरा शांत झाल्यावर मी विचारलं, रोटाहेलर, म्हणजे दम्याची पावडर तोंडाने आत ओढायचं ते छोटं यंत्र, घेतेस ना रोज? म्हणाली, घेते की, सकाळ-संध्याकाळ, कोमट पाण्याबरोबर. मला आधी कळलंच नाही. मग तिने ओट्यावरची रोटाकॅपची बाटली दाखवली आणि सांगितलं की ग्रुपवर आलंय, गिळली तरी चालते, ते यंत्र कशाला फिरवत बसायचं. तीन आठवडे ती गिळत होती. तीन आठवडे तिच्या छातीत त्या औषधाचा कण गेला नव्हता.

मी भांडुपला एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे, अकरा वर्षं काउंटरला उभी आहे. घरात मी असताना मावशीला हे मोबाईलवरून शिकावं लागलं याचा मला खूप त्रास झाला. राग तिच्यावर नाही, ज्याने कोणी हे लिहिलंय त्याच्यावर आहे. मेसेज तुमच्याकडेही आला असेल, "दम्याचा पंप वापरणाऱ्यांनी जरूर वाचा" असा सुरू होतो आणि त्यात सहा गोष्टी आहेत: रोटाकॅप कोमट पाण्याबरोबर गिळली तरी पूर्ण औषध पोटात जातं आणि तेवढाच गुण येतो, पंप वापरायला शिकण्यासारखं काही नसतं, मेडिकलवाला सांगेल तसं दाबायचं, पंपाची सवय लागते, त्यात स्टिरॉइड असतं म्हणून हाडं ठिसूळ होतात, स्पेसर (पंप आणि तोंड यांच्या मध्ये लावायची पोकळ नळी) फक्त लहान मुलांसाठी असतो, आणि पंप संपला का ते पाण्यात टाकून बघायचं.

गिळण्याचं आधी घेते, कारण नुकसान तिथेच सगळ्यात जास्त आहे. मावशी मला म्हणाली, "अगं गिळली काय नि ओढली काय, जातंय पोटातच ना?" नाही मावशी, पोटात जायचंच नाहीये, छातीत जायचंय. रोटाकॅप दिसते कॅप्सूलसारखी पण तिचं कवच म्हणजे नुसती पुडी आहे. आत लॅक्टोजमध्ये मिसळलेली औषधाची अगदी बारीक पावडर असते. रोटाहेलरच्या चौकोनी भोकात कॅप्सूलची पारदर्शक बाजू खाली करून बसवायची, खालचा भाग फिरवला की कॅप्सूलचे दोन तुकडे सुटतात आणि तुमच्या श्वासाच्या जोरावर पावडर फुफ्फुसाच्या बारीक नळ्यांपर्यंत पोचते. काम तिथे करायचंय. तीच कॅप्सूल गिळली तर पावडर पोटात, तिथून आतड्यात आणि मग यकृतात. मावशीच्या रोटाकॅपमध्ये फॉर्मोटेरॉल (श्वासाच्या नळ्या मोकळ्या करणारं) आणि बुडेसोनाइड (नळ्यांची सूज कमी करणारं स्टिरॉइड) आहे, आणि बुडेसोनाइड गिळलं तर त्यातलं जवळपास ९० टक्के औषध यकृत पहिल्याच फेरीत निकामी करून टाकतं. म्हणजे मेसेजवाला म्हणतो "पूर्ण औषध पोटात जातं", हो जातं, आणि तिथेच वाया जातं. वर माणसाला वाटत राहतं की आपण रोज औषध घेतोय, म्हणून धाप वाढली तरी तो डॉक्टरकडे जात नाही. मावशीचं हेच झालं, ती म्हणत होती पावसाळी हवा आहे म्हणून होतंय.

आणि ही चूक फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेच्या एफडीएला, म्हणजे तिथल्या सरकारी औषध खात्याला, २००८ साली जाहीर सूचना काढावी लागली होती की टायोट्रोपियम (हेही श्वासाच्या नळ्या मोकळ्या करणारं औषध) आणि फॉर्मोटेरॉलच्या ओढायच्या कॅप्सूल लोक गिळताहेत, गिळू नका. तिथे लोक चुकून गिळत होते, इथे आपण मेसेज पाठवून एकमेकांना शिकवतोय.

आता दुसरा मुद्दा, "शिकण्यासारखं काही नसतं, मेडिकलवाला सांगेल तसं करा". हा माझ्या धंद्यावर आहे म्हणून यावर जरा बोलते. यात अर्धं खरं आहे ते कबूल करते. मेडिकलमध्ये शिकता येतं, शिकायला हवं, कारण पेशंट डॉक्टरकडे तीन महिन्यातून एकदा जातो पण आमच्याकडे दर महिन्याला येतो. पण "मेडिकलवाल्याला माहीत असतंच" हे खरं नाही, आणि हे मला लिहायला जड जातंय. एक तर दुकानात उभा असलेला प्रत्येक माणूस फार्मासिस्ट नसतो, भिंतीवर ज्याचं रजिस्ट्रेशन लावलेलं असतं तो फार्मासिस्ट. आणि तो समोर असला तरी त्याला तंत्र नीट येतच असेल असं नाही. स्पेनमधल्या विसेंते प्लाझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली जगभरातले ५५ अभ्यास एकत्र करून पाहिले, डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट असे सगळे धरून ६,३०४ जण, त्यांना इनहेलर वापरून दाखवायला सांगितलेलं, तर बरोबर निघालं फक्त १५.५ टक्के वेळा. त्यातही जुन्या अभ्यासांत हे प्रमाण २०.५ टक्के होतं आणि १९९६ नंतरच्यांत १०.८ वर आलं. वर्षं गेली तसं आमचं सुधारलं नाही, बिघडलं.

मी स्वतः त्यातलीच होते. पहिली चार वर्षं मी पेशंटला तोंडी सांगायची, "हलवा, तोंडात धरा, दाबा आणि ओढा", झालं. मग आमच्या भागातल्या एका छातीच्या डॉक्टरांनी आम्हा काही फार्मासिस्टना बोलावलं, हातात डेमोचा रिकामा पंप दिला आणि म्हणाले करून दाखवा. मी ओढण्याआधी श्वास बाहेर सोडलाच नाही. छाती आधीच भरलेली असेल तर औषध आत जायला जागा कुठून येणार! चार वर्षांत किती लोकांना मी ही पायरी न सांगता पाठवलं ते आठवून त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून नीट लिहिते. फवाऱ्याचा पंप असेल तर टोपण काढा, हलवा, श्वास पूर्ण बाहेर सोडा, ओठ घट्ट मिटून धरा, आत ओढायला सुरुवात करता करता एकदाच दाबा आणि सावकाश, खोल ओढत राहा, मग दहा सेकंद श्वास रोखा. दुसरा पफ घ्यायचा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून परत हलवून घ्या. रोटाहेलरला याच्या उलट, तिथे सावकाश चालत नाही, सुरुवातीपासून जोरात आणि खोल ओढायचं, कारण पावडर उडवायला दुसरी शक्तीच नाही. आणि त्यात श्वास सोडायचा नाही, सोडायचा तो तोंड बाजूला करून, नाहीतर तोंडाची वाफ लागून पावडर चिकटते. आपल्या मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतच एवढा ओलावा असतो की कॅप्सूल बाटलीतून ऐन वेळीच काढायची, सकाळीच काढून ताटलीत ठेवायची नाही. ओढून झाल्यावर उघडून बघा, पावडर उरली असेल तर परत ओढा. लोक एका प्रकारची सवय दुसऱ्याला लावतात, पंप जोरात ओढतात आणि रोटाहेलर हळू, आणि मग म्हणतात औषध लागू पडत नाही.

हे सगळं पंधरा दिवसांच्या कोर्सचं काम नाही. ऑस्ट्रेलियात दुकानातल्या फार्मासिस्टनीच काउंटरवर पेशंटला करून दाखवलं, त्यांच्याकडून करून घेतलं आणि ज्या पायऱ्या चुकल्या त्या खूण करून इनहेलरवरच स्टिकर लावला, त्याने तंत्र सुधारलं आणि दमाही. काही मिनिटांचं काम. आणि आपल्याकडे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये पेशंटला समजावून सांगणं हे रजिस्टर्ड फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलंच आहे. तेव्हा मेडिकलमध्ये "फार्मासिस्ट कोण आहे" असं विचारा, "करून दाखवा" म्हणा, मग "मी करतो, तुम्ही बघा" म्हणा. गर्दी असेल तर दुपारी तीनला जा. लाज वाटून घेऊ नका.

बाकीचे मुद्दे लवकर संपतात. सवय लागते म्हणे. सवय औषधाची लागत नाही, दमा जुना आजार आहे म्हणून औषध रोज लागतं, चष्मा रोज लागतो तसं. आराम देणारा निळा पंप मात्र रोज चार-पाच वेळा लागत असेल तर दमा आटोक्यात नाही, डॉक्टरकडे जा, तेवढंच त्यातून घ्यायचं. २०१९ पासून जगभरच्या दम्याच्या गाइडलाइनमध्ये, जीनामध्ये, नुसत्या निळ्या पंपावर राहू नका असंच सांगितलंय. स्टिरॉइडचं थोडं खरं आहे: गुळण्या न करता झोपलात तर तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते, आवाज बसू शकतो, आणि मोठा डोस वर्षानुवर्षं चालू असेल तर हाडांकडे लक्ष द्यायला लागतं. पण पंपातलं मोजतात मायक्रोग्रॅममध्ये (मिलिग्रॅमचा हजारावा भाग), आणि पंप सोडल्यावर अटॅक आला की जी गोळी द्यावी लागते ती मिलिग्रॅममध्ये, आणि ती सगळ्या अंगात फिरते. निळ्या पंपातल्या सालब्युटामॉलचं पण तसंच, २ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे वजनाने १०० मायक्रोग्रॅमचे वीस पफ. स्पेसर लहान मुलांचाच नाही, दाबणं आणि ओढणं ज्याला एकत्र जमत नाही त्या प्रत्येकाचा आहे, म्हाताऱ्या माणसांचा तर आधी. धुतल्यावर फडक्याने पुसू नका, साबणाच्या पाण्यातून काढून तसाच वाळू द्या. आणि पाण्यात टाकून बघणं पूर्वी खरंच सांगायचे, पण त्याने नक्की काही कळत नाही आणि नोझल खराब होतं. पंपावर पफ मोजणारा काउंटर असेल तर आकडा बघा, नसेल तर कॅलेंडरवर पफ लिहा.

मावशीला तिथेच बसवून पाच वेळा करायला लावलं. ओढणं जमलं, रोखणं जमलं, आधी श्वास सोडायचं दर वेळी विसरत होती, म्हणून रोटाहेलरवर चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलं, "आधी सोड". डॉक्टरांकडे बुधवारी घेऊन गेले, औषध तेच ठेवलंय. तिच्या भजनी मंडळात आणखी दोघी रोटाकॅप गिळतात असं कळलंय, त्यांना या रविवारी मावशीकडे बोलावलंय, आपापलं यंत्र घेऊन.