जुनी गोळी, नवा उपयोग

जुन्या औषधांचे नवे उपयोग डॉक्टरांच्या कानावर असतात, पण खात्रीची माहिती मिळायची सोय नाही, हा एका लेखात वाचलेला मुद्दा पटला. बडोद्यात दांडिया बाजारात आमचं मेडिकल आहे, म्हणून काउंटरमागून जे दिसतं ते लिहिते.

नागीण बरी झाल्यावरही आग राहिली की डॉक्टर रात्री ॲमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम लिहून देतात. मूळ औषध नैराश्याचं, पण कमी डोसमध्ये नसांच्या दुखण्यावर चालतं. घरी नातू मोबाइलवर नाव शोधतो आणि आजी पट्टी परत घेऊन येतात, "मला काय वेड लागलंय का?" चिठ्ठी देतानाच दोन वाक्यं सांगितली असती तर गोळी सुटली नसती.

आता डॉक्टरांना तरी कोण सांगणार? पेटंट संपलेल्या स्वस्त औषधासाठी कंपनीचा एमआर (औषधांची माहिती देणारा प्रतिनिधी) दारात उभा राहत नाही, महागडी चाचणी करायला कंपनीही पुढे येत नाही. मग नवा उपयोग कळतो तो कधी योगायोगानेच. प्रोप्रॅनोलॉलचं बघा, हे हृदयाचं औषध. बाळांच्या चेहऱ्यावरची रक्तवाहिन्यांची लाल गाठ त्याने उतरते, हे फ्रान्समधल्या डॉक्टरांना योगायोगाने दिसलं आणि २००८ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं.

पण नुसत्या आशेवर लिहून देणंही नको. कोविडमध्ये डेक्सामेथासोन या जुन्या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, हे मोठ्या चाचणीत सिद्ध झालं. त्याच चाचणीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरिया-संधिवाताचं औषध कोविडवर फोल ठरलं. तोवर लोकांनी त्या गोळ्या इतक्या उचलल्या होत्या, की आमच्या नेहमीच्या संधिवाताच्या पेशंटना त्या मिळेनात.