फुकट बस म्हणजे चोरांना बक्षीस? अजिबात नाही

व्हॉट्सअॅपवर बस फुकट करण्याच्या विरोधात एक मेसेज फिरतोय, गोव्यातल्या बऱ्याच ग्रुपवर आलाय. म्हणे लोक तिकीट चुकवतात म्हणून कदंब, म्हणजे गोव्याचं सरकारी बस महामंडळ, तोट्यात, बस फुकट केली तर या चोरांनाच बक्षीस, फुकटाची किंमत कुणाला नसते, हिशोब राहणार नाही आणि पैसा शेवटी आमच्याच टॅक्सातून जाणार.

आधी चोरीचं बघू. कदंबच्या पणजी-मडगाव, पणजी-म्हापसा शटल बसला खिडकीवर रांग लावून तिकीट काढल्याशिवाय आत घेतच नाहीत, तिथे चुकवणार कसं? खाजगी बसमध्ये तर उलटच, आपण पैसे देतो, कंडक्टर नोटा बोटांत दुमडून "फुडें वच, फुडें" करत सरकतो आणि कितीदा तिकीट हातात येतच नाही. पैसे भरलेल्या माणसालाच चोर म्हणायचं का? खरं दुखणं वेगळं आहे हो, संध्याकाळनंतर गावात बस नाही म्हणून माणूस कर्ज काढून स्कूटर घेतो, आणि एकदा घेतली की परत बसकडे वळत नाही.

फुकटाची किंमत नसते म्हणणाऱ्यांनी रायबंदर-चोडण नाहीतर जुने गोवे-दिवाडी फेरीबोटीवर जाऊन उभं राहावं. चालत चढणाऱ्याला तिकीट नाही. शाळेची पोरं, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका सगळे असेच जातात, त्यांना विचारा बोटीची किंमत काय, शेवटची बोट चुकली की काय हाल होतात ते तेच सांगतील.

आणि टॅक्स? पणजीत मांडवीवरच्या अटल सेतूवरून (मुंबईचा नव्हे) कारवाले टोल न भरता जातात, तो पूल काय झाडाला लागला? तिथे दुचाकीला तर परवानगीच नाही, तरी तिचा मालकही टॅक्स भरतोच ना. मग बसने जाणाऱ्याच्याच वाट्याला आलं की लगेच फुकटेपणा कसा होतो, हे मला खरंच कळत नाही.

हिशोब राहणार नाही हेही खोटं. कर्नाटकात जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना शून्य रुपयाचं तिकीट मिळतं, त्यावरून मोजणी होते आणि सरकार महामंडळांना पैसे देतं. लक्झेंबर्गने तर 2020 मध्ये अख्ख्या देशात तिकीट काढून टाकलं, फक्त ट्रेनचा फर्स्ट क्लास सोडून.

एक मान्य, नुसतं तिकीट रद्द करून भागत नाही. एस्टोनियाची राजधानी टॅलिनने 2013 पासून शहरातल्या रहिवाशांना बस फुकट केली तरी रस्त्यावरच्या गाड्या फारशा घटल्या नाहीत. म्हणून सत्तरी, काणकोण तालुक्यांतल्या आतल्या गावांना रात्रीच्या बस आणि फुकट प्रवास, दोन्ही एकाच बजेटात मागायला हवं.