‘बायसिकल थीव्ह्‌ज’मधले बाप-लेक सख्खे नव्हेत
इटालियन दिग्दर्शक व्हिट्टोरिओ डी सिकाच्या १९४८ च्या ‘बायसिकल थीव्ह्‌ज’ या सिनेमाबद्दल एक मेसेज फिरतोय: सिनेमातले बाप-लेक हौशी नट होते, खऱ्या आयुष्यातही बाप-लेक होते आणि पटकथेविना, सुचेल तसं शूटिंग झालं.

बाप-लेक असणं आणि पटकथा नसणं, दोन्ही चूक. बापाचं काम करणारा लाम्बेर्तो माज्जोरानी कारखान्यात कामगार होता. लेकाचं, म्हणजे ब्रुनोचं काम करणारा एन्झो स्ताइओला त्याचा कोणी नव्हता. एन्झो पुढे गणिताचा शिक्षक झाला. दोघंही हौशी, एवढंच त्या मेसेजमधलं खरं.

पटकथेचं म्हणाल, तर सिनेमा लुइजी बार्तोलिनीच्या कादंबरीवरून घेतलाय, आणि चेझारे झवात्तिनीला पटकथेसाठी ऑस्कर नामांकन मिळालं होतं. खानावळीतला प्रसंगच बघा ना! शेजारच्या टेबलावरचा श्रीमंत पोरगा चीज ताणून खातो, ब्रुनो चोरून त्याच्याकडे बघत आपलं खातो, आणि बाप मात्र सायकल चोरीला गेल्याने बुडालेल्या पगाराचा हिशेब मांडत बसतो. हे काय आपोआप जुळून येतं?

जाता जाता, ‘सर्वोत्कृष्ट परदेशी चित्रपटाच्या स्पर्धेत ऑस्कर जिंकला’ असं या सिनेमाबद्दल म्हणतात, तेही तितकंसं बरोबर नाही. तेव्हा तशी स्पर्धाच नव्हती. १९५० मध्ये मिळालं ते मानद ऑस्कर.