पायाळू पाहिजे

शनिवारी मी गॅसचा भरलेला सिलिंडर दारापासून ओट्यापर्यंत एकट्याने नेला. आत १४.२ किलो गॅस, बाहेर साधारण तेवढंच लोखंड. काही झालं नाही. हिने पाहिलं की नाही याची खात्री करायला मी दोनदा घसा खाकरला, एवढंच. रविवारी सकाळी गॅलरीत कपड्यांचा चिमटा पडला. प्लॅस्टिकचा, निळा, त्यातही एक पाय तुटलेला. तो उचलायला वाकलो आणि कमरेत उसण भरली.

ज्यांना कधी उसण भरली नाही त्यांना ती सांगून कळत नाही, आणि ज्यांना भरली आहे ते एव्हाना खुर्चीत ताठ बसले असतील. आतून कुणीतरी लेंग्याची नाडी करकचून ओढावी आणि वर निरगाठ मारावी, तसं होतं. मी काटकोनात अडकलो. खाली जाता येईना, वर येता येईना. समोरच्या इमारतीतल्या काकांना वाटलं, मी त्यांना वाकून नमस्कार करतोय. त्यांनी हात वर करून आशीर्वाद दिला.

"अहो, काय शोधताय?" हिने आतून विचारलं.

"कंबर," मी म्हणालो.

आईचं निदान तयार होतं. "उसण आहे. वीट तापवून शेक दे." डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर वीट कुठून आणायची? वॉचमन शेजारच्या बांधकामावरून एक तुकडा घेऊन आला, पण तो हल्ली भिंतींना वापरतात त्या राखाडी, हलक्या ठोकळ्याचा. त्यात सगळी हवाच. घर तापू नये म्हणूनच तो वापरतात, हे आम्हाला अर्धा तास गॅस जाळल्यावर आठवलं. मग जाडं मीठ तव्यावर भाजून पुरचुंडी बांधली. ती मात्र इतकी तापली की कंबरेचं दुखणं मी दहा मिनिटं साफ विसरलो. आईच्या मते हाच गुण. त्या जागी अजून रुपयाएवढा लाल डाग आहे.

सोमवारी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला टेबलावर झोपवून एकेक पाय सरळ वर उचलला. कळ गुडघ्याच्या खाली उतरते का? पायाला मुंग्या, बधिरपणा? बसायच्या जागी बधिर वाटतं का? लघवी नीट होते ना? ताप? सगळ्याला मी नाही-होय केलं.

"यातलं काही झालं तर तडक या," ते म्हणाले. "नाहीतर स्नायू आखडलाय. बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप बरं होतं. गरम पाण्याची पिशवी मध्ये टॉवेल ठेवून पंधरा-वीस मिनिटं. रात्री गुडघ्यांखाली उशी. दुखलंच फार तर ही गोळी, जेवणानंतर, तीन दिवस. आणि झोपून राहू नका. चालत राहा."

"एक्स-रे?"

"नको."

घरी कुणाचाच यावर विश्वास बसला नाही. एक्स-रे नाही, एमआरआय नाही, इंजेक्शनसुद्धा नाही, मग हा डॉक्टर कसला? वर म्हणे चाला! पूर्वी कंबर धरली की डॉक्टरच फळीवर आडवं व्हायला सांगत, आता सांगत नाहीत, हे मी आईला समजावून पाहिलं. तिने मला फळीवर आडवं केलं. तेव्हापासून लोक सिगारेट ओढतात तसा मी चोरून चालू लागलो. आई देवळात गेली की हॉलमध्ये चार फेऱ्या, दाराशी चाहूल लागली की पुन्हा आडवा. उठायचं कसं तेही शिकलो. आधी कुशीवर, मग पाय खाली सोडायचे, मग हाताने रेटा. सरळ उठायला गेलं की गॅलरीतला नमस्कार पुन्हा.

२०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातले बरेचसे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर असावेत. एरंडेल लावा. निर्गुडीचा पाला बांधा. वातूळ बंद करा. सिलिंडर एकट्याने उचलू नये (म्हणजे हिने पाहिलं होतं). शेवटी ए विंगमधून निर्णायक मेसेज आला : "उसण ना? पायाळूची लाथ खा. एका लाथेत जाते."

जन्मताना आधी पाय बाहेर आले तो पायाळू. हिने लगेच टाकलं, "आपल्याकडे कुणी पायाळू आहे का? अर्जंट." तीन मिनिटांत सी विंगमधून एक आई उत्तरली, "आमचा पोटात उलटाच होता, सोनोग्राफीत स्पष्ट दिसत होतं. पण सिझेरियन झालं. चालेल का?"

यावर जी चर्चा पेटली ती पार्किंगवरही कधी पेटली नव्हती. एका पक्षाचं म्हणणं, बाळ कसं बसलं होतं ते महत्त्वाचं. दुसऱ्याचं म्हणणं, डॉक्टरांनी काय पाय धरून काढलं की डोकं, ते आधी फाइलमध्ये बघा. दिवस भरतात तेव्हा शंभरातली तीन-चार बाळं अशी उलटी असतात, पण आता बहुतेकांचं सिझेरियनच करतात. त्यामुळे अस्सल पायाळू ही जमातच आटत चालली आहे. ज्याच्यावर वाद चालला होता तो सात वर्षांचा मुलगा मात्र तयारीने आला. फुटबॉलचे बूट घालून. त्याला लाडू देऊन परत पाठवलं.

अस्सल निघाल्या बी विंगच्या आजी. वय ब्याऐंशी, जन्म रत्नागिरीकडच्या खेड्यात, सुईणीच्या हातचा. गुरुवारी मला त्यांच्याकडे नेलं. मला खरं तर बुधवारपासूनच बरं वाटत होतं, पण ते सांगितलं असतं तर चोरून चाललेलं उघडं पडलं असतं.

"ये रे बाबा. पण माझे गुडघे बदललेत, पाय उचलत नाही," आजी खुर्चीतून म्हणाल्या. "तूच खाली ये."

म्हणजे फरशीवर पालथं. सहा माणसं बघत असताना मी हप्त्याहप्त्याने खाली गेलो. आजींनी डावा पाय माझ्या कंबरेवर तीनदा टेकवला. लाथ कसली, मोज्यातलं मऊ पाऊल ते. आपण चुलीपुढे किती गावकऱ्यांना झाडलं, ते त्या सांगत होत्या. "पायाळूला जमिनीतलं धन दिसतं म्हणून सासऱ्यांनी मला अख्खं परसू फिरवलं होतं. सुरणाशिवाय काही निघालं नाही."

मी कुशीवर वळलो, पाय दुमडले, हाताने रेटा दिला आणि उभा राहिलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईने मोबाइलवर मावशीला कळवूनही टाकलं.

"आता मागे वळून न बघता घरी जा," आजी म्हणाल्या.

"आजी, मागे वळता येत असतं तर आलो कशाला असतो?"

त्या खळखळून हसल्या आणि एकदम कंबरेला हात लावून कळवळल्या. खुर्चीच्या पाठीला गरम पाण्याची पिशवी लटकवलेली होती, ती मला तेव्हा दिसली.

"दहा वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "पण स्वतःला कशी मारणार रे लाथ?"